दोन झाकणं तेल

मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर गेला की माझ्या टेबलावर जाम झालेल्या चेनसॉची, म्हणजे झाडं कापायच्या पेट्रोल करवतींची, रांग लागते. त्यातलंच हे एक. काटोलकडच्या झाडकटाईच्या ठेकेदाराचं, तीन महिन्यांपूर्वी घेतलेलं. दोरी ओढली तर जागची हलेना.

"वॉरंटीत आहे ना जी, मंग करून द्या."

पोऱ्याला टाकी रिकामी करायला लावली नि सायलेन्सर काढून टॉर्च मारला. पिस्टनवर उभे ओरखडे, पण फक्त एक्झॉस्टच्या बाजूने. कार्ब्युरेटर काढून पलीकडून पाहिलं, तर तिथे कारखान्यातल्या बारीक रेषासुद्धा शाबूत. या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं; तेल न घालता चालवलेला पिस्टन सहसा चहूबाजूंनी सोललेला असतो. मला हवेचा संशय आला. कुठून तरी जास्तीची हवा शिरली की पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं नि पिस्टन फुगून घासतो.

सिलिंडर उघडायच्या आधी दोन्ही तोंडं रबर लावून बंद केली, हातपंपाने अर्धा बार दाब भरला. काटा थांबायला हवा होता. तो खाली सरकत गेला. फ्लायव्हील उतरवून क्रँकच्या सीलवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यावर, साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडे! मोबाईलवर शूटिंग केलं. एवढं करायला अर्धा तास लागतो, पण बहुतेक मेकॅनिक थेट नवा पिस्टन-सिलिंडर टाकून मोकळे होतात. सील तेच राहतं, मग नवा सेटही जातो नि शिव्या पार्टला.

सिलिंडर काढला तर खालचं बेअरिंग तेलाने ओलं, म्हणजे तेल पडत होतं. केस पक्की, असं मला वाटलं.

कंपनीचे साहेब बारा दिवसांनी आले. पिस्टनचा एक फोटो काढला, तोही एक्झॉस्टच्याच बाजूचा. "तेल कमी." मी बुडबुड्यांचा व्हिडिओ दाखवला. "इंजिन तापल्यावर सील गेलं असेल." हे खोटं आहे असं छातीठोक म्हणता येत नाही, तिथेच माझी गोची. वर पुस्तिका उघडून दाखवली: इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालेल. अहो, आमच्या पंपावर साधं पेट्रोल म्हणजेच 20 टक्केवालं! विकताना हे कुणी सांगितलं होतं का?

मग त्यांनी विचारलं, "टाकीतलं पेट्रोल कुठाय?"

आधी टाकी रिकामी करायची, या सवयीची इतक्या वर्षांत पहिल्यांदा लाज वाटली.

संध्याकाळी ठेकेदाराला फोन केला. तेल कसं मोजता?

"कापणारा पोरगा टाकते जी. खोकल्याच्या औषधाचं झाकण. लिटरले दोन."

लिटरला 20 मिली हवं. म्हणजे झाकण 10 मिलीचं असेल तर बरोबर. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण आणून दिलं. त्यावर दोन रेषा, 5 नि 10.

"कोणत्या रेषेपर्यंत भरते?"

"आता थे त्यालेच माहीत. थो तं गावाले गेला, बालाघाटले."

निम्मंच तेल पडत असेल, तरी बेअरिंग ओलंच दिसलं असतं.

क्लेम नामंजूर झाला. सेट नि सील मी खरेदीच्या भावात टाकून दिलं, मजुरी घेतली नाही. ठेकेदार अजून मलाच धन्यवाद देतात, तेव्हा मी विषय बदलतो. झाकण माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तेलाचा निळा डाग 5 च्या रेषेपर्यंत गडद आहे, 10 पर्यंत फिका.