चौथी मिती कुठे आहे, असे तुम्ही विचारलेत म्हणून

"सर, ती चौथी मिती खरोखर असते का, आणि असली तर नेमकी कुठे?" हा प्रश्न मला परभणीच्या बसस्थानकावर विचारला गेला आहे, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे आणि एकदा न्हाव्याच्या खुर्चीत, वस्तरा गळ्याशी असताना, विचारला गेला आहे. लांबी, रुंदी आणि उंची यांच्यापलीकडच्या या मितीबद्दल विचारणाऱ्याला एका शब्दाचे उत्तर हवे असते. 'आहे' म्हटले, तर त्याचे पुढचे वाक्य "मग आत्मे तिथेच जात असणार" हे असते आणि 'नाही' म्हटले, तर "मग तुम्ही कॉलेजात पोरांना शिकवता तरी काय?" हे असते. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा उभी राहणार हे ठरल्यापासून तर "आपल्या हिंगोलीत चौथी मिती शोधणार म्हणे" अशी त्यात भर पडली आहे. म्हणून एकदाच, मला जमेल तितके नीट, लिहून ठेवतो.

मी जी शिकवतो ती मिती, म्हणजे एखादी गोष्ट नेमकी सांगायला लागणारा एक स्वतंत्र आकडा, कुठेही नसते आणि तिला कुठे असण्याची गरजही नसते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी जमीन आरोग्य पत्रिका असेल. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल, तांबे, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब असे बारा आकडे असतात. गणिताच्या दृष्टीने बारा आकड्यांची ती यादी म्हणजे बारा मितींच्या अवकाशातला एक बिंदू होय. शेजारच्या रानाची यादी हा दुसरा बिंदू आणि एकके जुळवून घेतली, की या दोन बिंदूंमधले अंतर शाळेतल्या पायथागोरसच्या सूत्रानेच निघते, फक्त दोनऐवजी बारा वर्गांची बेरीज करावी लागते. जिंतूरच्या शेतकऱ्याच्या खिशात बारा मिती असू शकतात आणि त्याने त्याला काही होत नाही.

यावर चाणाक्ष विद्यार्थी म्हणतो, की ही तर पळवाट झाली, कारण नत्र ही काही दिशा नव्हे. त्याचे म्हणणे बरोबर आहे. पूर्व-पश्चिम आडवी ठेवलेली काठी उभी करता येते आणि तसे करताना तिची लांबी बदलत नाही. नत्राचे असे वळवून जस्त करता येत नाही. खऱ्या अवकाशाच्या मिती एकमेकींत अशा वळवता येतात. त्यांचीच संख्या तीनऐवजी चार धरली तर काय होईल, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात गणितज्ञांनी गंभीरपणे घेतला. जर्मन गणितज्ञ रीमानने 1854 मध्ये ग्योटिंगेनला दिलेल्या व्याख्यानात कितीही मितींच्या भूमितीचा पाया घातला. त्याच्याही आधी, 1850 ते 1852 या काळात, लुडविग श्लेफ्ली या स्विस गणितज्ञाने आपल्या ग्रंथात सर्व बाजू आणि कोन सारखे असणाऱ्या सुसम आकृतींचा हिशेब पूर्ण केला होता. तीन मितींत अशा घनाकृती पाच असतात, हे ग्रीकांना माहीत होते. चार मितींत त्या सहा असतात, असे श्लेफ्लीला आढळले. त्यांपैकी एक 120 द्वादशफलकांची बनलेली आहे आणि चोवीस अष्टफलकांची बनलेली दुसरी अशी आहे, की तिच्यासारखी आकृती दुसऱ्या कुठल्याच मितीत सापडत नाही. पाच मितींपासून पुढे मात्र कायम तीनच उरतात. हा ग्रंथ श्लेफ्लीच्या हयातीत पूर्ण छापला गेला नाही. तो 1901 मध्ये निघाला, तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षे झाली होती. चार मितींत एकदम सहा का आणि पाचव्या मितीत तीनच का, असे मला आजवर एकानेही विचारलेले नाही, आणि तुमच्यावरचा माझा खरा राग तोच आहे.

"पण काळ हीच चौथी मिती ना?" असे म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. गणितज्ञ मिन्कोव्स्कीने 1908 मध्ये काळ आणि अवकाश एकत्र गुंफले हे खरे. परंतु त्याच्या अंतराच्या सूत्रात काळाचा वर्ग उलट्या चिन्हाने येतो आणि म्हणून वर सांगितलेल्या काठीसारखे काळाकडे वळून मागे जाता येत नाही. तुम्ही विचारता ती मिती ही नव्हे.

आता हा प्रश्न मला नकोसा का झाला, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्हा दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी या विषयावर लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य असे होते: 'कागदावर काढलेल्या वर्तुळाच्या आतला ठिपका रेघ न ओलांडता बाहेर काढायचा, तर तो कागदावरून वर उचलावा लागतो, त्याचप्रमाणे अवकाशाला चौथी मिती असती, तर तिच्यातून हात घालणाऱ्या शल्यविशारदाला कातडी न चिरता पोटातला खडा बाहेर काढता आला असता.' हे वाक्य आजही मी जसेच्या तसे लिहीन. भूमिती म्हणून त्यात काडीचीही चूक नाही.

माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, वसमत तालुक्यात हळद पिकवतात. त्यांच्या पोटात दुखू लागले आणि नांदेडच्या सोनोग्राफीत पित्ताशयात दीड सेंटीमीटरचा एक खडा निघाला. दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्या, दोन दिवसांत घरी जाल, असे डॉक्टरांनी सांगितले. नानांना आयुष्यात फक्त एका गोष्टीची भीती वाटत आली आहे आणि ती गोष्ट म्हणजे पोटाला लागणारी सुरी. कोणीतरी त्यांना एका माणसाकडे नेले, जो न कापता खडे काढतो अशी त्या भागात ख्याती होती. त्याच्या खोलीत भिंतीवर माझा लेख लॅमिनेट करून लावला होता आणि त्या वाक्याखाली लाल रेघ ओढलेली होती. वर माझा फोटो होता. नानांनी नंतर मला सांगितले, की तोवर त्यांचे मन होत नव्हते, फोटो पाहिला आणि मन घट्ट झाले, कारण घरच्या पोराने लिहिलेले खोटे असणार नाही. हळदीच्या पट्टीतले पैसे गेले. त्या माणसाने त्यांना चटईवर निजवून पोट चोळले आणि कापसात गुंडाळलेला एक खडा त्यांच्या हातावर ठेवला.

दिवाळीला मी गावी गेलो, तेव्हा नानांनी तो डबीतून काढून मला मोठ्या कौतुकाने दाखवला. पूर्णेच्या पात्रात पायाखाली येतात तसा तो करडा, गुळगुळीत, जड दगड होता. मी म्हणालो, की नाना, परत एकदा सोनोग्राफी करून घ्या.

"म्हणजे तू लिहिलेलं खोटं आहे?"

"खोटं नाही, पण…"

त्या 'पण' नंतर मी जे सांगितले ते वर्गात सांगितले असते तर बरे झाले असते. चौथी मिती असती तर काय घडले असते याविषयी तो लेख आहे, ती आहे असे मी म्हटलेले नाही, ही गोष्ट मी तीन वेगवेगळ्या प्रकारे मांडली. नानांचा चेहरा कठोर होत गेला. दारात उभ्या असलेल्या काकू शेवटी म्हणाल्या, "एकदा काय ते नीट सांग बरं. खरं असंल तर खरं म्हण, नसंल तर नाही म्हण." मला ते म्हणता आले नाही. नाना सोनोग्राफीला गेले नाहीत. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांना थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले आणि मध्यरात्री जीप करून नांदेडला न्यावे लागले. पित्ताशयात पू झाला होता. दुर्बिणीने प्रयत्न करून डॉक्टरांनी तो सोडून दिला आणि बरगडीखाली मोठा छेद घेऊन पित्ताशय काढले. ज्या सुरीला घाबरून हे सगळे घडले, ती सुरी एरवी लागली असती त्याहून कितीतरी मोठी लागली. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलेल्या चुलतभावाने मला काही विचारले नाही. त्याने विचारले असते तर मी भांडलो असतो, आणि भांडायला मला आवडले असते.

नाना बरे झाले. डॉक्टरांनी त्यांना बाटलीत घालून दिलेला खडा पिवळट, हलका, दीड सेंटीमीटरचा होता. मला वाटले, आता विषय संपला. नाना म्हणाले, "त्यानं एक काढला, डाक्टरनं दुसरा काढला. दोन असतील की." सोनोग्राफीत एकच दिसला होता, याची मी आठवण दिली, तर ते म्हणाले, की एकामागे एक लपला असेल. बोटांनी शस्त्रक्रिया करतो असा दावा करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण तक्रार नानांनी केली नाही आणि मला करू दिली नाही, कारण पेपरात नाव येईल.

पुरवणीतला तो लेख लिहिणाऱ्या तेव्हाच्या माझ्याशी मी पुष्कळदा वाद घातला आहे. त्याचे म्हणणे असे, की आडनाव, फोटो आणि गावातली पत ही लेखाचा भाग नव्हती, मग त्यांच्या परिणामाची जबाबदारी लेखावर कशी? त्याचे दुसरे म्हणणे अधिक जोरकस आहे. त्या लेखात आणखी एक परिच्छेद होता आणि पुरवणीत तो जागेअभावी गाळला गेला. 1917 मध्ये एरनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले, की अवकाशाला चार मिती असत्या तर गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाऐवजी घनाच्या प्रमाणात क्षीण झाले असते आणि ग्रहांच्या स्थिर कक्षाच राहिल्या नसत्या. ग्रह सूर्यात पडला असता किंवा कायमचा निघून गेला असता. अणूंचीही गत बरी झाली नसती. म्हणजे चौथ्या मितीतून हात घालणाऱ्या शल्यविशारदाला मुळात हातच नसता. हा परिच्छेद छापला असता तर? मी त्याला उत्तर देतो, की लाल रेघ तरीही त्याच वाक्याखाली ओढली गेली असती. यावर तो म्हणतो, की मग लिहायचेच नाही का? इथे मी गप्प होतो, कारण ते मला मान्य नाही.

अडाणी माणसेच फसतात, अशी समजूत असणाऱ्यांना मी लाइपझिगच्या झ्योल्नरची गोष्ट सांगतो. तो खगोलभौतिकीचा प्राध्यापक होता, ताऱ्यांची तेजस्विता मोजणारे उपकरण त्याने बनवले होते. चार मितींत दोरीची गाठ टोके न सोडता सुटते, हे गणित त्याला ठाऊक होते आणि ते गणित बरोबरच आहे. 1877 मध्ये हेन्री स्लेड नावाच्या, मृतात्म्यांशी संपर्क साधतो म्हणणाऱ्या, माध्यमाने त्याच्यासमोर टोकांना लाखेची मोहोर लावलेल्या दोरीत गाठी पडलेल्या दाखवल्या आणि झ्योल्नरला चौथी मिती सिद्ध झाल्यासारखे वाटले. याच स्लेडला आदल्याच वर्षी लंडनच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली होती आणि तो अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटला होता. झ्योल्नरला गणित कमी पडले नाही. जे गणिताने शक्य ठरले ते समोर घडताना पाहण्याची त्याला घाई होती, आणि ती घाई मी नानांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

मग भौतिकशास्त्रात हे सगळे थोतांड आहे का? नाही. कालूझा या जर्मन गणितज्ञाने 1919 मध्ये आइन्स्टाइनला कळवले, की एक जादा मिती धरली तर गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच समीकरणात बसतात. तो निबंध 1921 मध्ये छापला गेला. ती मिती दिसत का नाही, याचे उत्तर क्लाइन या भौतिकशास्त्रज्ञाने 1926 मध्ये दिले: ती अतिसूक्ष्म वर्तुळासारखी गुंडाळलेली असेल. कीर्तनात ऐकू येणाऱ्या अकरा मिती याच वाटेने पुढे स्ट्रिंग सिद्धान्तात, म्हणजे मूलकण हे कंप पावणारे सूक्ष्म तंतू मानणाऱ्या सिद्धान्तात, आल्या आणि त्यांचा चौदा भुवनांशी काही संबंध नाही. 1998 मध्ये तर काही शास्त्रज्ञांनी म्हटले, की जादा मिती मिलिमीटरएवढी मोठीही असू शकेल आणि तसे असेल तर इतक्या कमी अंतरावर गुरुत्वाकर्षणाचा नियम बदललेला दिसला पाहिजे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने पिळाच्या तराजूने, म्हणजे तारेला पडणाऱ्या पिळावरून अतिसूक्ष्म ओढ मोजणाऱ्या उपकरणाने, तो तपासला. 2020 मध्ये त्यांनी 52 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे साधारण केसाच्या जाडीपर्यंत, मजल मारली आणि नियम बदललेला दिसला नाही. 17 ऑगस्ट 2017 ला सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशात उठणाऱ्या लाटा, वाटेत कुठल्या जादा मितीत गळल्या असत्या, तर त्या अपेक्षेपेक्षा क्षीण होऊन पोहोचल्या असत्या. तशा त्या नव्हत्या. औंढ्याच्या वेधशाळेचा या प्रश्नाशी संबंध आहे तो एवढाच.

हे सर्व मी गेल्या पाडव्याला नानांना सांगितले आणि त्यांनी ते नीट ऐकले. मी म्हणालो, की त्या 1998 च्या कल्पनेतसुद्धा जादा मितीत जाते ते फक्त गुरुत्वाकर्षण. पदार्थ जात नाही, प्रकाश जात नाही, तेव्हा दीड सेंटीमीटरचा खडा जाण्याचा प्रश्नच येत नाही.

"पण काहीतरी जातं म्हणतोस ना?"

"जात असेल तर, असं म्हणतोय. मोजलं तिथवर जाताना दिसलं नाही."

"आणि त्या बावन्न मायक्रॉनच्या खाली?"

"तितक्या काटेकोरपणे अजून मोजलेलं नाही."

"मग झालं तर," असे म्हणून नाना उठले. झाले नाही, हे मी त्यांना अंगणापर्यंत मागे जाऊन सांगितले.