अक्का मीटिंगला आल्या तो दिवस

मी सोलापुरात टीबीच्या एका प्रोजेक्टवर फील्डला काम करते. पैसा परदेशी फंडचा, राबतो आम्ही छोट्या संस्थेचे लोक. गेल्या वर्षी आढाव्याला वरून टीम येणार होती, त्यामुळे आठवडाभर नुसते आकडे जुळवणं चाललेलं, थुंकी किती तपासल्या, पॉझिटिव्ह किती, औषध अर्धवट सोडलेले किती. आदल्या दिवशी मनात आलं की एखाद्या पेशंटलाच न्यावं, आणि कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका अक्कांना विचारलं, त्यांचा सहा महिन्यांचा कोर्स नुकताच पूर्ण झालेला. "तेलुगूत बोलले तर चालतंय का?" म्हटलं बोला की, मराठीत मी सांगते.

मीटिंगमध्ये विषय निघाला, पेशंट मध्येच गोळ्या का सोडतात. आमच्या रिपोर्टात लिहिलेलं, जागृतीचा अभाव. अक्का म्हणाल्या, सकाळी विड्या द्यायला कारखान्यात जायचं, तिथं मोजणी होणार, छाट निघणार म्हणजे खराब विड्या बाद होणार, मग पान-तंबाखू घेऊन घरी येईपर्यंत दुपार, तोवर गोळ्या द्यायची वेळ संपलेली असते, आणि गोळ्यांसाठी थांबलं तर हजार विड्यांची मजुरी गेली. वर निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते, महिन्याला १००० रुपये चार महिने आलेच नाहीत, कारण खातं बंद पडलेलं. उपाशी पोटी गोळी घेतली की मळमळायचं.

हे मराठीत सांगताना माझा आवाज कापत होता. किती वेळा त्यांच्या घरी गेले, गोळ्या मोजल्या, पण कारखान्यात किती वाजता जाता हे एकदाही विचारलं नव्हतं.

टीबी, एड्स, मलेरियासाठी जगभर पैसा देणाऱ्या ग्लोबल फंडच्या बोर्डावर २० मतं असतात, त्यातली ३ सिव्हिल सोसायटीची, म्हणजे सरकारबाहेरच्या संस्था आणि लोकांची, आणि त्यातलं एक खुद्द आजार भोगलेल्या लोकांचं, हे मी ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं. ते कशासाठी असतं ते त्या दिवशी समजलं. बेडाक्विलिन या टीबीवरच्या औषधाचंच बघा ना, भारतातलं त्याचं पेटंट लांबवायच्या कंपनीच्या अर्जाला हरकत घेतली ती मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले यांनी, दोघीही टीबीतून उठलेल्या, औषधांनी दोघींचे कान गेलेले, आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला.

आता आठवड्यातून दोनदा संध्याकाळी घरकुलातच गोळ्या देतो आम्ही. अक्का प्रत्येक मीटिंगला येतात. त्यांच्यासोबत बँकेत दोन चकरा झाल्या, केवायसी झालं, मागचे पैसे अजून यायचेत.