आरोग्य संशोधनाचा डेटा : ग्रंथपालांना आधी काय शिकवावं?

आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेचं डेटाविषयक धोरण २५ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. संशोधनासाठी अनुदान मागताना डेटा कसा सांभाळणार आणि इतरांना कसा देणार हे सांगणारी साधारण दोन पानांची डेटा योजना जोडावी लागते. तिथून निधी घेणाऱ्या भारतीय संस्थांनाही. योजनेत सहा मुद्दे असतात. ते तासाभरात समजतात, तरी या कामात संशोधकांना मदत करणाऱ्या ग्रंथपालांचा दिवस त्यांवरच घालवणारी प्रशिक्षणं मला पटत नाहीत. वेळ फाइलीवर द्यायला हवा.

काल्पनिक रुग्णांची, मुद्दाम बिघडवलेली एक्सेल शीट समोर ठेवा. ०३/०४/२०२१ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. अमेरिकी सेटिंग असेल तर २५/०४/२०२१ नुसता मजकूर म्हणून राहतं, पण ०३/०४ निमूटपणे चार मार्च होतं. चूक अर्धीच दिसते. म्हणून २०२१-०४-०३ असंच लिहायची सवय लावायची. न तपासलेल्या साखरेसाठी कुणी ० लिहितं, कुणी ९९९, आणि सरासरी कोसळते किंवा फुगते. संशयास्पद नोंदी लाल रंगवल्या असतील तर सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, करताना रंग जातो. त्यासाठी वेगळा रकाना हवा. गावांची नावं देवनागरीत असलेली सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की पुष्कळदा अगम्य चिन्हं दिसतात, आणि तशीच सेव्ह केली तर मूळ नावं गेलीच. ती ‘डेटा’ मेनूतून, यूटीएफ-८ ही देवनागरी अक्षरंही नीट वाचणारी पद्धत निवडून आत घ्यावी.

मग डेटा डिक्शनरी. प्रत्येक रकान्याचं नाव, अर्थ, एकक, चालणाऱ्या किमती, रिकाम्या नोंदीचा संकेत. एकक सुटलं तर लिटरमागे ५.५ मिलिमोल आणि डेसिलिटरमागे ९९ मिलिग्रॅम ही रक्तातली एकच साखर दोन वेगळ्या रुग्णांची वाटते. कॅटलॉगिंग केलेली व्यक्ती हे काम संशोधकापेक्षा नेटकं करते, हे ठामपणे सांगायला हवं.

डेटातून रुग्णाची ओळख पुसणं सर्वांत अवघड. हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेविषयीच्या अमेरिकी कायद्याच्या नियमांतल्या एका पद्धतीत ओळख पटवणाऱ्या १८ प्रकारच्या खुणा काढतात. तारखेतलं फक्त वर्ष ठेवतात आणि ८९ वरची वयं एका गटात घालतात. पण नाव, आधार क्रमांक काढूनही तालुका, वय आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की माणूस ओळखू येतो. शिकणाऱ्यांना हे तीन रकाने जुळवून पाचाहून कमी रुग्णांचे गट शोधायला लावा. तिथे तालुक्याऐवजी जिल्हा, वयाऐवजी वयोगट.

आणि हे सगळं हाती घेण्याआधी संमतिपत्र मागून वाचायला शिकवा. ‘माहिती या अभ्यासाबाहेर दिली जाणार नाही’ असं त्यात छापलेलं असेल, तर फाइल कितीही स्वच्छ असली तरी प्रश्न आधी एथिक्स कमिटीकडे न्यावा लागतो.