‘एस’ राहिलाय का?

“यात ‘एस’ राहिलाय ना?” मुलीने वही पुढे केली. वाक्य होतं, ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही रेस्ट.’

मी पेन उचललं आणि थांबले. वाक्य बरोबर होतं.

‘सजेस्ट’, ‘डिमांड’, ‘इन्सिस्ट’ यांच्यामागे ‘दॅट’ आलं आणि काहीतरी व्हावं असं म्हणायचं असलं, की क्रियापद मूळ रूपातच राहतं. ब्रिटिश इंग्रजीत तिथे बरेचदा ‘शुड’ येतं, अमेरिकेत सहसा नाही.

नियम सांगून तिला पटेना. मग मराठीत म्हटलं, ‘त्याने विश्रांती घ्यावी, असं डॉक्टरांनी सुचवलं.’

“अच्छा! ‘घेतो’ नाही, ‘घ्यावी’!”

तिचं ते ‘घ्यावी’ दिवसभर मनात घोळतंय. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही वॉज देअर’ म्हणजे तो तिथे होता, असं ती ठामपणे सांगत होती. ‘वॉज’च्या जागी ‘बी’ आलं, की त्याने तिथे असावं हा तिचा आग्रह. किती इवलासा शब्द, आणि दावा कुठे, मागणी कुठे!

‘घ्यावी’, ‘असावं’ अशा रूपांचा हा विध्यर्थ मुलांच्या तोंडी आधीपासूनच असतो. मग इंग्रजी शिकवताना आपण तिथूनच सुरुवात का करत नाही?