लेक मराठीत उत्तर का देत नाही?

‘घरी मराठी बोलत नाही का तुम्ही?’ असं तुम्ही दर फोनवर विचारता. बोलतो. म्युनिकमध्ये राहून घरात मराठीच बोलतो. पाच वर्षांच्या लेकीला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मग तुमचा सल्ला: मराठी गोष्टी लावून द्या, आपोआप येईल. लावल्या, रोज लावल्या. कानावर पडलं की भाषा येते, असं मीही सगळ्यांना सांगायचे.

बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या सिॲटलच्या पॅट्रिशिया कुल यांचा २००३ सालचा एक प्रयोग आहे. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी कुणी समोर बसून चिनी भाषेत खेळलं-बोललं, तर बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला लागली. तेच व्हिडिओवर दाखवलेल्या बाळांना ते जमलं नाही. ती तान्ही बाळं होती आणि प्रश्न ध्वनींचा होता, हे मान्य. पण पडदा उत्तराची वाट बघत नाही, हे मी घरात बघतेय.

आई दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. ‘आज काय खाल्लंस गं बाळा?’ लेक माझ्याकडे बघून जर्मनमध्ये सांगायची, मी आईला मराठीत. एकदा आई मध्येच थांबली, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, ‘तूच सांगत जा गं, तिला कशाला त्रास.’ त्यानंतर तिने नातीला काही विचारलंच नाही. नुसती बघत बसायची. कॉल संपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईला नात कळत नव्हती आणि दोघींच्या मध्ये मी उभी होते.

मग मे महिन्यात सांगलीला गेलो. लेकीच्या मावसभावाने तिची सायकल घेतली, ही जर्मनमध्ये ओरडली, तो मजेत चालवत राहिला. मी आत होते. थोड्या वेळाने अंगणातून ऐकू आलं, ‘माझी आहे. दे.’ तो म्हणाला, ‘एक चक्कर, मग देतो.’ ही म्हणाली, ‘अर्धी!’ तिथून निघेपर्यंत ती माझ्या आईशीही भांडत होती, मराठीत.

परत आलो आणि पुन्हा जर्मन. जर्मन कळत नाही असं दाखव, असं काहीजण सुचवतात. पण ती पडली, दुखलं, की जर्मनमध्येच रडत सांगते. तेव्हा मी न कळल्यासारखं करू? नाही जमत मला.

तेव्हा पुढच्या वेळी मला विचारू नका. तिला फोन द्यायला सांगा, सायकलचं विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. मी मध्ये बोलणार नाही.