डॉक्टरांच्या शोधनिबंधांची यादी वाचताना

पावसाळा सरता सरता पुण्यातल्या महाविद्यालयांच्या फाटकांवर अलीकडे एक नवा फ्लेक्स दिसू लागला आहे. 'जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांमध्ये आमच्या प्राध्यापकांचा समावेश' असा मजकूर, शेजारी हार घातलेला फोटो आणि खाली संस्थाचालकांची नावे. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसच्या माहितीवरून तयार करतात. तिच्यात एकूण सायटेशन (इतरांच्या निबंधांत झालेले उल्लेख), एच-इंडेक्स (त्याचा अर्थ पुढे येतो), सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला इंडेक्स, आणि एकमेव, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून लिहिलेल्या निबंधांना मिळालेली सायटेशन असे सहा निकष एकत्र केलेले असतात. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी. फ्लेक्सवरचे नाव यांपैकी कोणत्या यादीतले, हे मात्र फ्लेक्सवर सहसा लिहिलेले नसते.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. पदोन्नतीचे अर्ज निघाले की डॉक्टर मंडळी सायटेशन रिपोर्ट मागायला येतात, त्यामुळे अशा याद्या वाचणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. डॉक्टरांचे संशोधन किती मोलाचे आहे हे एका आकड्यावरून कळत नाही, हे सगळेच जण मान्य करतात आणि तरीही शेवटी आकडाच विचारतात. म्हणून तो आकडा कसा तयार होतो आणि यादीत त्याच्याखेरीज काय पाहावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

एच-इंडेक्स ही कल्पना सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडली. एखाद्या डॉक्टरांचे सहा निबंध असून त्यांना अनुक्रमे ४०, २२, ९, ६, ५ आणि ३ सायटेशन मिळाली असतील, तर त्यांचा एच-इंडेक्स ५ येतो, कारण पाच निबंधांना प्रत्येकी किमान पाच सायटेशन आहेत आणि सहावा त्या पायरीपर्यंत पोहोचलेला नाही. पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४,००० सायटेशन मिळाली असती, तरीही एच-इंडेक्स ५च राहिला असता. आयुष्यात एकच पण मोठे काम करणाऱ्या माणसावर हे माप अन्याय करते, आणि दरवर्षी मध्यम दर्जाचे निबंध नेमाने काढणाऱ्याला ते पावते. स्वतः हर्श यांनीच २०२० मध्ये या मापाच्या दुष्परिणामांबद्दल जाहीरपणे लिहिले. तोवर ते जगभरच्या निवड समित्यांच्या अंगवळणी पडले होते.

आकड्याच्याही आधी नावाचा घोळ निस्तरावा लागतो, आणि माझा सर्वाधिक वेळ तिथेच जातो. परदेशी डेटाबेस आडनाव आणि आद्याक्षरे यांवर चालतात. पुण्यात 'कुलकर्णी एस.' शोधले तर नेत्रतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असे सगळे एका रांगेत उभे राहतात. त्याहून अवघड स्थिती विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्री-डॉक्टरांची होते, कारण आपल्याकडे आडनावाबरोबर मधले नावही बदलते. एम.डी.च्या प्रबंधावरचा निबंध 'जोशी व्ही. एस.' या नावाने आणि पुढचे सगळे 'देशपांडे व्ही. एम.' या नावाने छापले गेले, तर ही एकच व्यक्ती आहे हे संगणकाने ओळखावे तरी कशावरून? स्कोपस तिची दोन खाती उघडते. एका खात्यावर एच-इंडेक्स ३ आणि दुसऱ्यावर ६ असेल, तर दोन्ही एकत्र केल्यावर तो ७ होऊ शकतो, आणि त्या एका अंकाने गुणवत्ता यादीतला क्रम बदलू शकतो. २०१२ मध्ये सुरू झालेला ऑर्किड हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक यासाठीच आहे. तो फुकट मिळतो आणि घ्यायला पाच-दहा मिनिटे लागतात. तरीही बहुतेक जण तो निवृत्तीला दहा वर्षे उरल्यावर घेतात.

संस्थांच्या नावांचेही तसेच. बी. जे. मेडिकल कॉलेज पुण्यात आहे आणि अहमदाबादेतही आहे, के. ई. एम. रुग्णालय मुंबईत परळला आहे आणि पुण्यात रास्ता पेठेतही आहे. निबंधावर शहराचे नाव नीट लिहिलेले नसेल, तर कष्ट एकाचे आणि नोंद दुसऱ्याच्या खात्यावर, असे होऊ शकते. पत्ता लिहिताना शहर आणि पिनकोड गाळू नये, हे मी निवासी डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून सांगत असते.

यानंतर पाहायचे ते लेखकांच्या क्रमातले स्थान. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जगभरातील रोगांचा भार मोजणाऱ्या प्रकल्पाच्या निबंधांवर शेकडो लेखक असतात आणि निबंधाला मिळालेले प्रत्येक सायटेशन त्या प्रत्येकाच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होते. अशा दोन-तीन निबंधांवर नाव असले की एकूण आकडा डोळे दिपवतो. आपल्याकडे तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने २०१५ मध्ये पदोन्नतीसाठी फक्त पहिल्या दोन लेखकांना श्रेय देण्याचे ठरवले आणि २०१७ मध्ये ते पहिला लेखक किंवा करस्पाँडिंग (म्हणजे निबंधाबाबत पत्रव्यवहार करणारा) लेखक असे बदलले. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात विभागाविभागांत 'या वेळी माझे नाव, पुढच्या वेळी तुमचे' अशी वाटणी सुरू झाली.

चांगली यादी कशी दिसते, हे समजून घ्यायचे असेल तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम वाचावे. पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद घेणारा 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' १९९३ मध्ये सुरू झाला. इथली बाळे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, सरासरी २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो, मात्र त्यांच्या शरीरातील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती, हे सांगणारा निबंध २००३ मध्ये आला. गर्भवतीच्या रक्तातील बी-१२ आणि फोलेट यांचा मुलांच्या सहाव्या वर्षीच्या इन्शुलिन-प्रतिरोधाशी असलेला संबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल जन्माला येऊन सहा वर्षांचे होईपर्यंत थांबण्यावाचून या संशोधनाला दुसरा मार्गच नव्हता. तीन वर्षांत किती निबंध, असे विचारणाऱ्या समितीपुढे अशा अभ्यासाला सुरुवातीच्या वर्षांत फारसे काही ठेवता येत नाही.

याच यादीत २००४ मधला 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधला एक अगदी छोटा मजकूरही आहे. त्यात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा फोटो आहे. दोघांचाही बी.एम.आय. (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस सडपातळ दिसला तरी त्याला मधुमेह का होतो, हे समजावताना ते चित्र आजही व्याख्यानांत दाखवले जाते. निबंध किती पानांचा आहे यावर त्याचा प्रभाव ठरत नाही, एवढे यातून नक्की दिसते.

सायटेशन म्हणजे शेवटी त्या विषयावर लिहिणाऱ्या इतरांनी घेतलेली दखल. मग ज्या विषयावर लिहिणारेच थोडे, त्याचे काय? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून त्यांनी चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत आणले. आणि २०११ मध्ये प्रतिविष व प्राझोसिन यांच्या चाचणीचा निबंध 'बी.एम.जे.' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आला. कोकणातला विंचू बोस्टनमध्ये चावत नाही. त्यामुळे हृदयविकार किंवा कर्करोगावरच्या निबंधाइतकी सायटेशन या कामाला मिळणे शक्य नाही, आणि ज्या शेतकऱ्याचा जीव वाचला तो कुठल्याही जर्नलमध्ये सायटेशन देत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी केल्याचा १९९९ चा निबंध सुदैवाने सायटेशनमध्येही मोठा ठरला. पण त्याचे खरे वजन पाहायचे तर देशभरच्या आशा कार्यकर्त्यांमार्फत २०११ पासून राबवल्या जाणाऱ्या नवजात शिशू सेवेत पाहावे लागते, आणि ती नोंद स्कोपसमध्ये सापडत नाही.

उलट बाजूही आहे. अँड्र्यू वेकफील्ड यांचा गोवर-गालगुंड-रुबेला (एम.एम.आर.) लस आणि ऑटिझम यांची सांगड घालणारा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. त्याला हजाराहून अधिक सायटेशन आहेत, आणि २०१९ मधील एका विश्लेषणानुसार त्यांपैकी जवळपास ७३ टक्के टीका करणारी होती. मोजणी करणाऱ्या यंत्राला टीका आणि स्तुती सारखीच.

निबंध कुठे छापला, हे तपासण्यासाठी मी फारसा वेळ घालवत नाही, कारण संशयास्पद जर्नल बऱ्याचदा नावावरून आणि संपादक मंडळावरून ओळखू येते, नेहमीच नाही. पण विषय पुण्याशी जोडलेला असल्याने एवढे नोंदवते: विद्यापीठांनी सुचवून यू.जी.सी.च्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त यादीत घातलेल्या १,००९ जर्नलांची तपासणी डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली आणि त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असल्याचे २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले. त्यानंतर सुरू झालेल्या यू.जी.सी.-केअर या विश्वासार्ह जर्नलांच्या यादीचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच होता.

हल्ली मी रिपोर्टच्या पहिल्या पानावर स्कोपसचा आकडा लिहिते, कारण तो मागितलेला असतो. गूगल स्कॉलरचा आकडा वेगळा लिहिते. त्यात प्रबंध आणि प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच प्रसिद्ध केलेले निबंध) हेही मोजले जात असल्याने तो सहसा मोठा असतो, आणि दोन्ही एकाच रकान्यात घातले की मुलाखतीत वाद होतात. दुसऱ्या पानावर अर्जदाराने स्वतः निवडलेले पाच निबंध, प्रत्येकात त्याचे स्थान आणि त्या निबंधाचा आधार कोणी कशासाठी घेतला याच्या दोन ओळी असतात. काही समितीसदस्य दुसरे पान उलटून पाहतात, काही पाहत नाहीत. ते पान हाताने करावे लागते आणि एका अर्जदारामागे सगळी दुपार जाते. म्हणून निबंधांच्या प्रती मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर न पाठवता किमान आठवडाभर आधी ग्रंथालयात आणून द्याव्यात.