सातबारा नसलेली नदी

आमच्या पिढीनं वाहती भीमा पाहिलीच नाही. आम्ही पाहिला तो उजनीचा फुगवटा. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि इंदापूर, करमाळ्याच्या काठची कितीतरी गावं बुडीत क्षेत्रात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की अजून दिसतं. आपल्या जुन्या गावठाणाची मात्र नुसती जोती वर येतात.

मी भोयांच्या घरातली. जमीन बुडाली त्यांच्यासाठी बदली जमिनीचे कागद तरी होते. भोयाची नदी गेली, तिचा सातबारा कुठे होता? तरी त्याच पाण्यानं पुढे आम्हाला जगवलं, हेही खरं. वडील पहाटे जाळी ओढून चिलापी, कटला, मरळ भिगवणच्या बाजारात नेत. माझी वह्या-पुस्तकं त्या लिलावातून आली. काठावर ज्यांची रानं उरली त्यांनी मोटारी बसवल्या, पाइपलाइनी टाकल्या, ऊस लावला. बागायतदाराचा मुलगा आणि भोयाची मुलगी एका रांगेत बसली ती फक्त आपल्या शाळेत. गावात तसं नव्हतं.

गणिताच्या सरांनी फळ्यावर घातलेलं एक उदाहरण मला अजून पाठ आहे. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला मृतसाठा, म्हणजे उपयुक्त पातळीखालचं तळाचं पाणी, सुमारे ६३. तर उपयुक्त साठा किती? उत्तर ५४ आलं, आणि सर म्हणाले, "पेपरात उजनी शून्यावर आली असं छापतात, तेव्हा तळाशी ६३ टीएमसी पाणी असतं. या वर्गातली अर्धी घरं उन्हाळ्यात त्याच पाण्यावर चालतात." आमच्या घराचा हिशेब फळ्यावर आलेला मी पहिल्यांदा पाहिला. आज मी स्वतः गणित शिकवते, ते त्या तासामुळे.

आता मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी शहरांची घाण घेऊन येतात. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, वास मारतं. बारीक आसाच्या जाळ्यांनी मत्स्यबीजही उपसलं जातं, आणि हे आपलीच माणसं करतात, याचं फार वाईट वाटतं. कुंभारगावच्या पोरांनी मात्र रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवून हिवाळ्याची कमाई उभी केली. त्यांचं मला मनापासून कौतुक आहे.

मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. आमच्या वर्गातली पैलतीरची मुलं अशाच होडीनं शाळेत यायची. आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधायचं ठरतंय असं कळलं. माझी समितीला कळकळीची विनंती आहे, कमान पुढच्या वर्षी बांधा. आधी होडीनं येणाऱ्या प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट द्या आणि पोहायला शिकवणारा माणूस नेमा. माझी वर्गणी मी याच कामासाठी जमा केली आहे, पावतीवर तसं लिहूनही घेतलं आहे.